डावा पीळ

आदगोंडानं घरात नळ आणला तो लढाईवर जायच्या आदल्या दिवशी.

सांगलीच्या खणभागातलं ते घर दोन खोल्यांचं. भिंती भेंड्यांच्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या, आणि वरून शेणामातीचा गिलावा. तोवर घरात पाणी यायचं ते नदीवरून, गुणमालेच्या कमरेवर बसून. लग्न होऊन आल्यापासून कृष्णेच्या घाटाची पायरी न् पायरी तिच्या टाचांना पाठ झाली होती. आदगोंडा कारखान्यात फिटर. पलटणीच्या मोटारी दुरुस्त करायला माणसं पाहिजेत म्हणून बोलावणं आलं आणि साताऱ्याकडच्या पोरांबरोबर त्यानंही नाव घातलं. त्याच्या आईनं, चंदनबाला अव्वानं, त्या दिवशी जेवणाच्या पानाला हात लावला नाही.

"बंदूक न्हाई धरायची अव्वा, पाना धरायचाय," तो समजावत होता. "मोटारीत कुठला आलाय जीव?"

"मोटार कुणाला घिऊन कुठं जाती, ते बघ की."

तो उठला आणि नळाच्या कामाला लागला. उत्तर नसलं की हाताला काम द्यायचं, ही त्याची जुनी खोड.

रस्त्याच्या नळातून फाटा घ्यायची परवानगी काढून ठेवलीच होती. मोरीच्या भिंतीला भोक पाडून त्यानं पाईप आत घेतला. भिंतीच्या पोटातच पाईप वळवायला कोपरासारखा तुकडा बसवला, त्याचं तोंड गिलाव्याबाहेर ठेवलं आणि त्यात तोटीचा पाईप बसवला. बसवण्याआधी पाईपच्या आट्यांवर तागाचे धागे गुंडाळले. गुणमाला उंबऱ्यावर बसून त्याच्या हाताकडं बघत होती. डावा हात. लहानपणी अव्वानं मारून मारून जेवणाचा घास तेवढा उजव्या हातात आणला होता. बाकी सगळं डाव्यानंच. ताग फिरवतानाही त्याचा डावा हात आपल्याच वळणानं सरसर फिरत होता.

तागावर लावायला सफेदा, म्हणजे गळती बंद करणारा पांढरा लेप, हवा होता. डब्यात खडखडाट. बाजार बंद झालेला. त्यानं दिव्याजवळचं गोडंतेल बोटावर घेतलं, तागाला चोळलं आणि पाना लावून पाईप आवळला.

संध्याकाळचं पाणी सुटलं. तोटी आधी खाकरली, मग शिंकली, मग धो धो वाहू लागली. अव्वा रुसवा विसरून बघायला आली. गुणमालेनं ओंजळ पुढं केली. घरात, चुलीच्या शेजारी, कृष्णा! तिला हसूच फुटलं.

आणि मग सांध्याच्या खालच्या अंगाला एक थेंब दिसला. तो फुगला, लोंबला, थरथरला आणि पडला.

"गळतंय हो," ती म्हणाली.

"गळू दे. तात्पुरतं हाय ते." त्यानं अंगठ्यानं थेंब पुसला. "आलो की सफेदा लावून पक्कं करतो. तवर कुणाला हात लावू दिऊ नगंस, गुणे. दुसऱ्यानं पाना घातला तर आटे मोडून ठेवील."

"आणि लढाई लांबली तर?"

"येक थेंब हाय गं. येका थेंबानं काय बुडतंय?"

तिनं सांध्याखाली पितळेची गुंडगी ठेवली. सकाळी तो गेला तेव्हा गुंडगीचा तळ जेमतेम झाकला होता.

*

अव्वाचा नळावर राग होता, पण तो वेगळ्या कारणानं. जैनाच्या घरात पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, आणि गाळण्यात अडकलेले बारीक जीव, ती जिवाणी, जिथलं पाणी तिथंच नेऊन हलक्या हातानं सोडायची. आडाचं आडात, नदीचं नदीत. नळाची जिवाणी कुठं सोडायची?

"घर नसलेलं पाणी हाय हे," अव्वा म्हणायची. "माघारी कुठं धाडायचं?"

शेवटी सासूसुनेनं ठरवलं, नळात येतं ते कृष्णेचंच. तर तिलाच परत. गुणमाला रोज गाळण्याचं फडकं घेऊन घाटावर जायची आणि पाण्यात धरून उलटं करायची. घागरीचं ओझं गेलं, फडक्याचं राहिलं. गुंडगीतलं थेंबाचं पाणीही गाळायला लागे. ते नुसतं साचून राहिलं की अव्वाचा जीव खालीवर.

थेंब ऐकायची गुणमालेला सवय झाली. पहाटे जात्यावर बसली की घरघरीच्या मधल्या फटीत तो पडायचा, टप्पकन्, आणि तिच्या ओवीचा ताल धरायचा.

*थेंबाच्या मागं थेंब, दावणीची जशी गुरं,*
*माझ्या गं राजसाचं गाव राह्यलं किती दुरं.*

शेजारची बनुबाई पीठ मागायला आली की चिडवायची. "गुणाबाई, नवऱ्यानं जाताना घड्याळ लावून दिलंय गं तुला! टिकटिक टिकटिक. चावी कोण देतंय?"

"कृष्णामाई," गुणमाला हसून म्हणायची.

आधी त्याची खुशाली यायची. मलायात आहे, बरा आहे, उकाडा फार. मग पुढच्या माघात सिंगापूर पडल्याची बातमी गावात आली आणि त्यानंतर काहीच आलं नाही. कुणी म्हणे, सगळे कैदेत आहेत. कुणी काहीच म्हणत नसे, नुसतं तिच्या कपाळाकडं बघे आणि नजर वळवी. अव्वानं देवळात जास्त वेळ बसायला सुरुवात केली. गुणमाला कुठं बसणार? ती मोरीत बसली, सांध्यासमोर.

थेंब मोठा झाला होता.

तसं त्यात नवल नव्हतं. पाणी यायचं दिवसातून दोन वेळा. मधल्या वेळात पाईप रिकामा पडायचा आणि आतला ताग सुकून आक्रसायचा. पाणी सुटलं की आधी वारा धडकायचा, पाईप भिंतीत हिसका खायचा, आणि पाणी तागात नीट मुरायच्या आत आट्यांतून वाट काढायचं. पावसाळ्यात नदी तांबडी झाली की पाण्याबरोबर वाळू यायची. ती त्या बारक्या वाटेला कानशीसारखी घासायची. आणि भिजलेल्या लोखंडाला गंज तर होताच. पण हे सगळं भिंतीच्या पोटात. तिला बाहेरून दिसायचा तो थेंब.

तिनं काय करावं? लहानपणापासून तिला पाण्याचा एकच उपाय माहीत होता, पाण्याला फडकं बांधायचं. कापड मिळत नव्हतं त्या दिवसांत, तरी तिनं आपल्या लग्नातल्या शालूच्या आतल्या टोकाचा पांढरा पट्टा फाडला, दुहेरी केला आणि सांध्याला घट्ट गुंडाळला. गुंडाळताना तिला वाटलं, लागलेल्या बोटालाच बांधतेय.

थेंब थांबला.

"बघा अव्वा," ती आनंदानं ओरडली, "ऱ्हायला की न्हाई?"

अव्वानं गुंडगी उचलून पालथी ठेवली.

थेंब खरं तर थांबला नव्हता. त्यानं फक्त वाट बदलली होती. चिंधीनं ओल धरून ठेवली, ती दिवसरात्र गंजाला पाणी पाजत राहिली, आणि समोरून पडायचं ते पाणी पाईपच्या अंगाअंगानं मागं सरकून भिंतीत जाऊ लागलं. बरेच दिवस कुणालाच कळलं नाही. मग गिलाव्यावर एक डाग उमटला, तळहाताएवढा. तिनं त्यावर चुना लावला. डाग चुन्याच्या कडेनं बाहेर आला. तिनं चुन्यात गूळ कालवून सांध्यावर लिंपला, त्यावर लाख वितळवून ओतली. लाख थंड होऊन तडकली. प्रत्येक उपायानंतर काही दिवस घर शांत असायचं, आणि त्या शांततेत भिंत प्यायची.

*पाण्याला सांगू किती, भिंतीआडून चालू नको,*
*माझ्या गं धन्याची गाठ हळूच खोलू नको.*

आता ओवीला थेंबाचा ताल नव्हता. तिला तो चुकल्यासारखा वाटायचा.

*

त्रेचाळीसच्या पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ धरलं. आधी हिरवी धूळ, मग मखमल. मोरीत पाऊल टाकलं की ओल्या मातीचा वास यायचा.

नळखात्यातला अर्जुना फिटर तेव्हा बनुबाईकडं तोटी बदलायला आला होता. हा गडी मूळचा शिरवळकडचा, बोलका, येता-जाता कुणाच्याही मोरीत डोकावणारा. बनुबाईनंच त्याला इकडं पिटाळलं.

"ही भिंत न्हाई अव्वा, ही म्हस हाय," भिंतीवर थाप मारून तो म्हणाला. "कधी व्यायची, सांगा फकस्त."

"थट्टा नगं रं. काय झालंय बघ."

"ह्यातनं काय दिसणार? हे शेवाळ खरवडायला लागंल. गिलावा फोडायचा, सांधा उघडायचा, आटे बघायचे. आत माती भिजून बसली आसंल तर पाईप खाली लोंबणार. लोंबला की सांधा वाकणार, वाकला की जास्त गळणार, आणि गळलं की माती आणिक बसणार. ह्याला शेवट न्हाई, हे येकमेकाला वाढवत न्हेतंय." त्यानं पिशवीतून खरवडणी काढली.

"थांब!" अव्वा पुढं आली. "भादवा चाललाय. आमच्या जैनांच्या पर्वाचे दिस. शेवाळाला हात लावायचा न्हाई. अनंत जीवांचं घर हाय ते."

अर्जुना तिच्याकडं बघतच राहिला. "आवं, तुमचं घर पडंल की त्या जीवांपायी!"

"त्यांचं मोडून आमचं उभं करायचं व्हय? पोराला लढाईवर जाताना असल्याच पापापायी आडवत हुते मी."

अर्जुनानं गुणमालेकडं पाहिलं. "वैनी, तुमी तरी सांगा."

गुणमालेनं पदर सावरला. अव्वाच्या धर्माआड तिला लपायला जागा मिळाली होती. "अव्वा म्हणतील तसं," ती म्हणाली.

"मग बोलवा कवा तरी," तो खांद्यावर पिशवी टाकत म्हणाला. "पर नवा पाईप मिळणार न्हाई, आधीच सांगून ठेवतो. सगळं लोखंड लढाईला गेलंय."

*

पर्व संपलं. क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी घरोघर माणसं एकमेकांची माफी मागतात, वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल त्याची. अव्वा देवळातून आली ती सरळ मोरीत गेली. शेवाळासमोर हात जोडून उभी राहिली, पुटपुटली. मग बाहेर येऊन सुनेपुढंही हात जोडले.

"गुणा, मला क्षमा कर. हट्टानं भिंत भिजवली मी. त्या जिवांचीबी मागितली आत्ता. जा, बोलीव त्या अर्जुनाला. खरवडू दे, उघडू दे सांधा."

गुणमाला जागची हलली नाही.

"जा की गं."

"नगं, अव्वा."

"का?"

उत्तर इतकं साधं होतं की तिला ते सांगता येईना. पायाच्या अंगठ्यानं ती जमीन उकरत राहिली. "त्यांनी सांगितलंय, कुणाला हात लावू दिऊ नगंस म्हणून. आलो की पक्कं करतो म्हणालेत."

अव्वाचे जोडलेले हात तसेच राहिले. तिनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं, मग तिच्यामागच्या भिंतीकडं. दुसऱ्या फिटरला बोलावणं म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळलं. तो पाना आट्यांना लावायचा नव्हताच. तो एका शब्दाला लावायचा होता.

"बरं," अव्वा म्हणाली. "ऱ्हाऊ दे मग."

आणि तिनं सांध्याखाली गुंडगी परत ठेवली, जिथं आता थेंब पडतच नव्हता.

त्यानंतर दोघी भिंतीबद्दल बोलल्या नाहीत. अव्वानं मोरीलगतची धान्याची मडकी एक एक करून पुढच्या खोलीत नेली. गुणमालेनं ते पाहिलं आणि विचारलं नाही. भिंतीला पोट आलं. गिलाव्यात केसाएवढी चीर पडली, तिच्यातून ओली माती लोण्यासारखी सुटत राहिली. बनुबाईची चिडवाचिडवी थांबली होती. ती आता पीठ मागायला आली तरी मोरीकडं पाठ करून बसे.

*

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळचं पाणी सुटलं, तोटी खाकरली. भिंतीच्या आत हिसका बसला, आणि भिंत खाली बसली. कोसळली नाही. थकलेलं माणूस वाटेत बसतं तशी बसली, भेंड्यावर भेंडा, सगळा चिखल. अव्वा देवळाला निघालेली, ती दारातच थबकली. गुणमाला चुलीपुढून धावली.

मातीतून पाईपचं टोक नागडं वर आलेलं. त्याला धरून सांधा लोंबत होता, आणि सांध्यातून पाण्याचा फवारा आढ्यापर्यंत उडत होता.

तिनं सांध्यावर तळहात दाबला. पाणी बोटांच्या फटींतून उसळलं. तिनं दुसरा हात दाबला. मग गुडघ्यांवर बसून सगळा भार घातला, छाती टेकली, आणि तिचं लुगडं, केस, कुंकू सगळं भिजत राहिलं. गल्लीतली माणसं जमली. पाणी रस्त्यावर गेलं होतं. कुणीतरी नळखात्याकडं धावलं.

"सोडा वैनी, हातानं काय थांबतंय व्हय?" लोक म्हणत होते.

ती ऐकत नव्हती. "थांब," ती म्हणत होती, "थांब रं, थांब." पाण्यालाच म्हणत असेल.

अव्वा चिखलातून चालत आली. कुठं शेवाळ तुडवलं जातंय हेही तिनं पाहिलं नाही. सुनेमागं बसली आणि तिच्या गार पडलेल्या मनगटांवर हात ठेवले.

"सोड पोरी," ती म्हणाली. "मी सांगते, सोड."

गुणमालेनं हात सोडले.

*

अर्जुनानं रस्त्यावरचा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि आत आला. आज तो थट्टा करत नव्हता. सांध्यावरची चिंधी सोडवली, लाख फोडली. पाना लावायची गरज पडली नाही. नुसता हात लावला तसा सांधा त्याच्या हातात आला. आटे उरलेच नव्हते. काळा भुगा तेवढा तळहातावर राहिला.

"खाल्लं सगळं," तो म्हणाला. मग खोबणीत बोट घालून त्यानं आतला ताग ओढून काढला. कुजलेला, काळा, पण धागा अजून वेटोळ्यात होता. त्यानं तो उजेडात धरला. "आरं तिच्या! हे कुणी बांधलंय?"

त्यानं वेटोळं बोटावर फिरवून दाखवलं.

"न्हाई, पीळ बघा की. आवळताना ज्या अंगानं फिरतं त्याच अंगानं ताग गुंडाळायचा, म्हंजे तो आत बसतो. ह्यो उलटा गुंडाळलाय. आवळला तसा सुटत गेला. पैल्या दिसापासनंच गळणार हुतं हे. घाईत केल्यालं दिसतंय, आणि कुणीतरी डावऱ्या—"

बनुबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.

गुणमालेनं हात पुढं केला. अर्जुनानं धागा तिच्या तळहातावर ठेवला. वेटोळं जसंच्या तसं होतं. आवळताना जेवढं उलगडलं तेवढंच उलगडलेलं, बाकी त्या संध्याकाळी फिरलेल्या बोटांच्या वळणावर. तिनं ते नाकाशी नेलं. तेलाचा वास नव्हता. गंजाचा होता.

"आमचे डावरे हायत," ती म्हणाली.

अव्वानं डोळे मिटले. "लय मारलं गं मी त्या हाताला," ती पुटपुटली. "लय मारलं."

अर्जुनानं पिशवीतून लाकडाचा गुटका काढला, तासून निमुळता केला आणि पाईपच्या तोंडात ठोकून बसवला. ठोकण्याचे आवाज ओसरून गेले तेव्हा घर इतकं गप्प झालं की बाहेर ओघळणारं पाणी गल्लीत ऐकू आलं.

"पाईप मिळंस्तवर तात्पुरतं हाय," जाताना तो म्हणाला. आणि का कोण जाणे, 'तात्पुरतं' या एका शब्दावर गुणमाला इतक्या वेळानं रडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं घागर काढली, चुंबळ वळली आणि नदीला गेली. घाटाच्या पायऱ्या टाचांनी ओळखल्या. पाणी भरलं, घरी आणून गाळलं आणि फडकं घेऊन पुन्हा घाटावर गेली. जिवाणी पाण्यात सोडली. लुगड्याच्या पदरात तागाचं वेटोळं बांधलेलं होतं, ते मात्र तिनं सोडलं नाही.

परत आली तर अव्वा पडक्या भिंतीशी वाकलेली. चिखल बाजूला सारून तिनं जागा केली होती, आणि लाकडाच्या कोरड्या गुटक्याखाली, अगदी नेमकी, पितळेची गुंडगी ठेवत होती.

गुणमालेनं ओलं फडकं दोरीवर टाकलं. गुंडगी तिथंच राहू दिली.